हौदातला झिरा

मी उठलो ते वाळत घातलेलं धोतर आणायला. दुसरं काही मनात नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या गावच्या दूध संस्थेला पंचवीस वर्षं झाली, म्हणून चेअरमन माणिकरावांनी जुन्या सभासदांची सहल काढली होती. कागदावर तिचं नाव अभ्यास दौरा. पहिल्या दिवशी एका डेअरीत अर्धा तास उभे राहिलो, चहा प्यालो, अभ्यास संपला. मग कोकणात, समुद्राच्या काठी, नारळीच्या बनातल्या एका रिसॉर्टात. सहल ठरली तेव्हा साल बरं होतं. निघायच्या वेळेला गावाकडं, चकलांब्याच्या आमच्या सगळ्या पट्ट्याला टँकर लागला होता, जनावरं चारा छावणीत होती. जावं का न्हाई, यावर देवळात दोन बैठका झाल्या. शेवटी जनावरांपाशी पोरं ठेवली अन् निघालो.

तो चौथा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी परत फिरायचं होतं, त्यामुळं त्या दिवशी कुठं जायचं नव्हतं, काही बघायचं नव्हतं. नुसतं पडून राहायचं. आम्हा लोकांना ते काही जमेना. सकाळी बायांनी अंगण झाडायला घेतलं, तर तिथला माणूस झाडू हिसकून घेऊन गेला. माणिकराव अर्ध्या चड्डीत फिरत होते. त्यांच्या सिंधुबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अवो, पाय झाका. गाडीत बसताना डायवर वळखायचा न्हाई तुमाला."

"दौऱ्यावर हाय मी," माणिकराव म्हणाले. "गप बस गं," असं पुढं तोंडात आलं असावं, पण गिळलं.

अंगणाच्या मधोमध निळ्या फरशीचा मोठा हौद. पोहायचा. छातीएवढं पाणी, तळ दिसावा असं. आमच्यातलं कुणी त्यात उतरलं नाही. काठावर बसून बघायचो सगळे. एवढं पाणी, अन् प्यायचं नाही, जनावरांना नाही, नुसतं बघायचं. माझी मंजुळा तर त्याच्याकडं पाठ करून बसायची. रात्री निजताना ती खोलीतली बादली, तिच्यातला मग, चहाच्या कपबशासुद्धा भरून ठेवी. मी म्हणायचो, "अगं, हितं पानी जात न्हाई." तर म्हणायची, "असू द्या. भरलेलं बरं."

दुपारी जेवणं झाली. सगळे पंखा लावून पडले. मला झोप येईना, म्हणून हौदाकाठच्या लांब खुर्चीवर टाकलेलं धोतर आणायला गेलो.

ऊन असं, की नारळीची सावलीही फरशीवर चिकटून बसलेली. समुद्राचा आवाज लांबून, एकसुरी. धोतर उचललं अन् घडी घालायला लागलो, तर कानावर आलं...

खर्र. थांबून पुन्हा खर्र.

दगडावर वाटी घासल्याचा आवाज. आधी वाटलं, भटारखान्यात कुणी भांडी घासतंय. पण भांडी घासताना हात थांबत नाही. हा थांबत होता. वाटी खरवडायची, पाणी गोळा व्हायची वाट बघायची, पुन्हा खरवडायची. हा आवाज ज्यानं ऐकला तो विसरत नाही. अन् तो हौदातून येत होता.

बहात्तर साली आमच्या विहिरीला झिरा तेवढा उरला होता. अकरा परस खोल विहीर. म्हणजे अकरा माणसं एकावर एक उभी करावीत एवढी. तळाला कपारीतून वाटी वाटी पाणी झिरपायचं. अंगानं हलकी बाई कमरेला दोर बांधून खाली सोडायची. ती वाटीनं घागर भरणार, वरचा माणूस दोर धरणार. खाली हवा कोंदट, बाई बसल्या जागी भोवळ येऊन पडायची. म्हणून दोर धरणाऱ्यानं मधून मधून हाक द्यायची, "हाय का?" खालून "हाय" असा वव आला पाहिजे. अन् दोराला दोन हिसके बसले, की ओढायचं. ज्यानं पहिली हाक दिली, त्यानं ती बाई वर येईस्तोवर जागा सोडायची नाही. कुणी शिकवलं नव्हतं, पण अशी रीत होती.

मला भीती वाटली नाही. खरं सांगतो, नवल वाटलं. छातीएवढ्या पाण्यात झिरा कुठला? मी काठावर उकिडवा बसलो. तळ लख्ख दिसत होता, निळ्या फरश्या, कुणी नाही. औषधाचा वास होता रोजचा. त्याच्याखालून दुसरा एक वास येत होता, ओल्या मुरमाचा, शेवाळाचा, कोंदट. अन् आवाज... खर्र.

सवयीनं तोंडातून गेलं. चाळीस वर्षं ती हाक दिली नव्हती, पण सवय आत तशीच होती.

"हाय का?"

आवाज थांबला. नारळीची झावळीसुद्धा हलायची थांबली. मग खोलातून, फार खोलातून...

"हाय, भावजी."

मला नुसतं भावजी म्हणणारी एकच होती. थोरल्या भावाची, शहादेवची बायको. भिवरावहिनी.

हौदाच्या खोल बाजूला लाल-पांढऱ्या गोळ्या ओवलेला एक दोर होता. त्याचं एक टोक काठावरच्या कड्याला, दुसरं सुटून पाण्यात गेलेलं. त्या दोराला माझ्या डोळ्यांसमोर दोन हिसके बसले.

मी दोर धरला. न धरून काय करणार? हाक मी दिली होती.

ओढायला लागलो, तर जड. घागरीसकट बाई असते तेवढा जड. हातावर हात टाकत होतो अन् मनात मोजत होतो. एक परस झाला, दोन झाले. हौद केवढा, दोर केवढा! पण येतच होता. पाच. सहा. हात सोलवटले. थांबलो असतो, पण एकदा जागा सोडली होती, त्याचं काय झालं ते मलाच ठाऊक.

"अवो, काय वढायलाव?"

मागं मंजुळा उभी होती. डोक्यावर पदर, डोळ्यांत झोप. तिनं पाण्याकडं बघितलं. दोराकडं बघितलं. मग तिलाही ऐकू आलं असणार, कारण तिचा आवाज हळू झाला.

"कोन हाय खाली?"

"भिवरावहिनी."

मला वाटलं, आता नाही सांगितलं तर हा दोर काही वर यायचा नाही. म्हणून ओढता ओढताच सांगितलं.

"मंजुळा, त्या दिवशी मी वहिनीला वर काढलंच न्हाई. सरकारची सुकडी वाटायला गाडी आली, अन् भुकेले लोक तिकडं पळाले. मी दोर बाभळीला बांधला अन् गेलतो. वाटलं, घटकाभरात येतो. आलो, हाक दिली... वव न्हाई. दोर वढला तर हलका. फास तसाच, गाठ तशीच, आत बाई न्हाई. मी सोता खाली उतरलो. घोट्याएवढं पानी. कोनी न्हाई."

"अन् तुमी तर सांगितलंत..."

"सांगितलं, वर काढली, मग कुठं गेली ठाऊक न्हाई. भ्यालो गं."

गावानं त्याचा अर्थ लावला. पळाली. कुणाबरोबर, हेसुद्धा लोकांनीच ठरवलं. शहादेव मरेस्तोवर मान खाली घालून चालला. पारावर कधी बसला नाही. मी त्याच्या शेजारच्या घरात राहत होतो, एका तव्यावरची भाकर खात होतो, अन् बोललो नाही.

मंजुळेनं पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "तिचं लुगडं मी चुलीत घातलतं. घरात नगं म्हनून." आवाज अगदी बारीक. "ती मला वेणी घालायची ओ."

ती माझ्या मागं आली अन् दोराला हात घातला. साठी उलटलेली दोन माणसं, भर उन्हात, पोहायच्या हौदातून विहिरीचा दोर ओढत होतो. सात. आठ. नववा परस लई जड गेला. मंजुळा दातओठ खात पुटपुटत होती, "ये बाई... ये... चुकलं आमचं..."

अकरावा परस झाला अन् दोर एकदम सैल पडला. आम्ही दोघं मागं आपटलो.

पाणी सपाट. कुणी नव्हतं. माझ्याजवळ ढीगभर दोर पडायला हवा होता, तर होता तो चार-पाच हात, लाल-पांढऱ्या गोळ्यांचा. फक्त आमच्या मधून, अंगाला अंग लागावं एवढ्या जवळून, कुणीतरी गेलं. गार. ओल्या मुरमाचा वास खोल्यांच्या बाजूला सरकत गेला, नारळीत मिसळला, अन् मग समुद्राचा वास आला.

मंजुळा रडली. मीही रडलो. संध्याकाळी माणिकरावांच्या खोलीत सगळे पत्ते खेळत बसले होते, तिथं जाऊन मी उभ्यानं सगळं सांगून टाकलं. हौदाचं नाही, विहिरीचं. पत्ते तसेच राहिले. सिंधुबाई म्हणाल्या, "बन्सीभावजी, हे शहादेवभावजींच्या देखत बोलायचं व्हतं." खरं होतं. मी मान हलवली. त्या रात्री मला गाढ झोप लागली, अशी कित्येक वर्षांत लागली नव्हती. अन् मंजुळेनं बादली भरली नाही.

सकाळी गाडी लागली. बोचकी चढली. मी शेवटचं बघावं म्हणून हौदाकडं गेलो, तर बागेतला माणूस उतरायच्या लोखंडी शिडीपाशी पुटपुटत उभा.

"काय ओ काका, ही माती कुठची? आमच्याकडं सगळी तांबडी. ही काळी कुठनं आली?"

शिडीच्या प्रत्येक पायरीवर आमच्याकडची काळी चिकट माती होती. तळापासून वरपर्यंत बाईच्या टाचा उमटलेल्या. मी त्या हातानं चाचपल्या. बरं वाटलं. आली वर, म्हटलं.

"ते ठीक," तो म्हणाला. "पण ही बघा." त्यानं वाकून पाण्यातल्या खालच्या पायऱ्या दाखवल्या. मोठ्या टाचेच्या शेजारी एक एवढीशी टाच होती. माझ्या अंगठ्याएवढी. तळाच्या पहिल्या पायरीवर होती, दुसरीवर, तिसरीवर. चौथीवर नव्हती. "एवढं लेकरू होतं काय तुमच्यात?"

आमच्या गाडीत पन्नाशीच्या आतलं कुणी नव्हतं. अन् वहिनीला मीच दोर बांधला होता. एकटीला.

तिला दिवस गेले होते का, हे कुणाला ठाऊक असणार? तिनं कुणाला सांगितलं असणार?

गाडीनं हॉर्न दिला. माणिकराव खिडकीतून ओरडले, "बन्सीभाऊ, चला की! समुंदर काय उपसून नेताव का?" दुसरा हॉर्न झाला. लोक उठून उभे राहिले. मंजुळेनं गाडीच्या दारातून माझ्याकडं बघितलं. मी काही खूण केली नाही, तरी ती पिशवी घेऊन खाली उतरली.

"जावा तुमी," ती मागं वळून म्हणाली. "आमी येतो मागून."

धूळ उडवत गाडी गेली. आम्ही काठावर बसलो, दोराचं टोक दोघांच्या मांडीवर. ऊन वर आलं. बागेतला माणूस लांब उभा राहून बघत होता, जवळ येत नव्हता.

बऱ्याच वेळानं मी वाकून हाक दिली.

वव आला नाही. पण तळातून वाटी दगडावर घासल्याचा आवाज आला. थांबून, पुन्हा. आता वाटी धरणारा हात लहान होता, अन् त्याला अजून नीट धरता येत नव्हती.