पस्तीसचा फरक

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात माझा दवाखाना आहे. टेबलावर ब्लडप्रेशरचं काट्याचं मशीन असतं. चार वर्षं मी ते तपासून घेतलं नव्हतं. काटा शून्यावर नीट थांबायचा, म्हणून शंकाही आली नाही.

हौसाबाई खाडीकडच्या, मिठागरात काम करणाऱ्या. दर महिन्याला नवऱ्याबरोबर, पुंडलिकांबरोबर, यायच्या.

"मॅडम, डोका लय दुखतंय."

मी दंडाला पट्टा बांधायची. काटा एकशे तीस सांगायचा.

"प्रेशर छान आहे. उन्हाचा त्रास आहे हा. पाणी जास्त प्या."

"तुमी सांगता तर तसंच असंल," त्या म्हणायच्या.

मार्चमध्ये मीठ ओढता ओढता त्या कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव. दोन दिवसांत गेल्या.

मी मशीन उचललं आणि पेणला, रामवाडीत, सुजयकडे नेलं. तो अशी यंत्रं दुरुस्त करतो. त्यानं आपलं पाऱ्याचं मशीन नळीनं जोडून हवा भरली. त्याचा पारा एकशे पासष्टवर, माझा काटा एकशे तीसवर.

"पस्तीस कमी दाखवतंय, मॅडम. कधी पडलं व्हतं काय?"

मला आठवेना. परतताना नागोठण्याजवळ गाडी बाजूला घेऊन मी हौसाबाईंच्या दर महिन्याच्या आकड्यात पस्तीस मिळवत गेले.

मशीन दुरुस्त होऊन आलं. स्वतःवर तपासलं, नर्स नम्रतावर तपासलं. अचूक.

तेराव्यानंतर एका सकाळी पुंडलिक एकटेच आले. मी त्यांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ते खाली मान घालून ऐकत राहिले.

"आता माजा बगा," एवढंच म्हणाले.

एकशे चाळीस. मी पट्टा सोडून टेबलावर ठेवला. हवा सोडायची झडप उघडीच होती.

पट्टा हलला.

हळूहळू तो गोल झाला, आतून भरत गेला. हवेच्या फुग्याला कुणाचा हात नव्हता. काटा चढत एकशे नव्वदवर गेला आणि थरथरत उतरू लागला. नम्रता भिंतीला टेकली.

मी स्टेथोस्कोप पट्ट्याच्या कडेला धरला.

ठोके होते.

"काय ऐकू येतंय?" पुंडलिकांनी विचारलं.



त्यांनी पट्ट्यापुढच्या रिकाम्या टेबलावर हात ठेवला. बोटं मिटली, पण पूर्ण मिटली नाहीत.

"हात किती गार परलाय गो तुजा," ते म्हणाले.