कडूकंदाची न्याहारी

“ताई, तिथं नका लावू तंबू!”

हाक वरच्या मिरचीच्या शेतातून आली. प्रतिक्षानं मान वर केली. धरणाच्या काठावरची ही जागा तिनं नि मीनानं मोठ्या हौसेनं शोधली होती. सपाट, मऊ गवताची, पाण्याला अगदी लागून. आणि आता हा कोण उपटलाय मध्येच?

“का? जागा तुमची आहे का?”

“माझी नाय. म्हशींची हाय.”

दोघी खो खो हसल्या आणि मेखा ठोकल्या. ऊन कलताना म्हशी आल्या, त्यांच्या रोजच्या वाटेनं, कुणाकडे न बघता. त्यातली एक लाल तंबू शिंगावर घेऊन थेट पाण्यात उतरली!

तो वरून धावत आला आणि छातीएवढ्या पाण्यात शिरला. जव्हारची जानेवारी म्हणजे चेष्टा नव्हे. तंबू घेऊन बाहेर आला तेव्हा त्याचे दात कडकड वाजत होते, पण ‘सांगितला होता ना’ असं काही तो म्हणाला नाही. प्रतिक्षाला आधी हसू आलं, मग स्वतःचीच लाज वाटली... आणि मग तिनं अंगावरची शाल काढून त्याच्यापुढे धरली.

“भिजंल ना,” तो म्हणाला.

“भिजू दे.”

त्याचं नाव कमलेश. धरणाच्या वरच्या पाड्यावर आईबरोबर राहायचा. भात निघालं की पाणी उचलून मिरची करायचा. त्यानं तंबू आपल्या शेताच्या बांधाला उभा करून दिला, शेकोटी पेटवली आणि हळूच निघून गेला.

“बघत काय बसलीस?” मीना म्हणाली. “तू इथं विचार करायला आलीयेस.”

तेही खरंच. प्रतिक्षा मोखाड्याची, ठाण्यात एका लॅबमध्ये कामाला. विक्रमगडच्या एका मास्तराचं स्थळ आलं होतं आणि रविवारी पाहुणे सुपारी फोडायला येणार होते. फक्त तिचा होकार बाकी होता, तो शनिवारी सकाळी आईला कळवायचा होता. तिच्या खोलीवर राहणारी मीना म्हणाली, चल, पाण्याकाठी बसून काय ते ठरव.

“मास्तरात खोट काय आहे?”

“काही नाही गं. तेच तर...” प्रतिक्षा म्हणाली, आणि शेकोटीत एक काटकी सारली.

दुसऱ्या दिवशी कमलेशनं दोघींना होडीतून फिरवलं. पाण्यावर धुकं होतं, वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज तेवढा येत होता.

“ठाण्याला काय काम करतेस?”

“लोकांचं रक्त काढते.”

“बापरे! मग लांबच बसायला पाहिजे.”

“घाबरलास?”

“नाय...” त्यानं वल्हं थांबवलं. “हात पुढं करू का?”

प्रतिक्षानं पाण्याकडे पाहिलं. गाल मात्र थंडीतही तापले.

“एक सांगू?” मीना होडीच्या टोकावरून म्हणाली. “कालपर्यंत आपण दोघी ताई होतो. आज मी एकटीच उरलेय.”

दुपारी त्यानं रानातून कडूकंद खणून आणला. शिकायला हॉस्टेलला गेल्यापासून खाल्ला नाही, असं प्रतिक्षा सहज बोलून गेली होती, त्याचं हे फळ! चकत्या करून, राखेच्या पाण्यात उकडून त्यानं त्या टोपलीत भरल्या आणि टोपली वाहत्या ओहोळात ठेवली. कडूपणा वाहून जायला हवा. प्रतिक्षा शेजारी बसून चकत्या लावत होती. बोटाला बोट लागत होतं, आणि कुणीच घाईनं बाजूला घेत नव्हतं. एका दिवसात असं काही होतं का? होतं. ज्यांचं झालंय त्यांना विचारा.

शनिवारची सकाळ झाली. न्याहारी करून अकराची जीप धरायची होती. कमलेशनं पळसाच्या पानावर कंद वाढला, वर मीठ. मीनानं पहिला तुकडा तोंडात घातला आणि उठून चूळ भरायला पळाली.

प्रतिक्षानं खाल्ला. दुसरा तुकडाही. जीभ कडूजार झाली, घसा खवखवू लागला, डोळ्यांत पाणी आलं... तरी ती खातच राहिली.

“कसा लागला?” त्यानं भीतभीत विचारलं.

“छान.”

त्यानं पानावरचा शेवटचा तुकडा उचलून स्वतःच्या तोंडात घातला आणि त्याचा चेहरा पडला.

“कशाला खाल्लास सगळा?”

“तू केलास म्हणून.”

तो खाली बघतच बोलला. “एका रात्रीत कडूपणा जात नाय, मला ठाऊक होता. दोन रात्री तरी ठेवायला पाहिजे. पण दुसऱ्या रात्रीपर्यंत तू कुठं थांबणार होतीस?... मला वाटला, तू निदान चव घेऊन जाशील. आठवण राहील.” आणि मग एकदम, “जाऊ नको ना.”

नेमका तेव्हाच फोन वाजला. आई.

“काय सांगू गं पाहुण्यांना? होच सांगते ना?”

“नाही, आई. नको सांग.”

“का? पोरात वाईट काय हाय?”

“काहीच नाही. पण... मला दुसरा आवडला.”

“कोण? कुठला? काय करतो?”

“धरणावरचा आहे. मिरची करतो.” कमलेशचे कान लालबुंद झाले होते. “आणि आज मला अर्धाकच्चा कडूकंद खायला घातला त्यानं.”

“अर्धाकच्चा? मग थुंकलीस ना?”

“सगळा खाल्ला.”

 पलीकडे आई हसायलाच लागली.

“बाय गं माझी... सगळा? मग पाहुण्यांना नायच सांगते.”

फोन ठेवताना प्रतिक्षाला हसू आवरत नव्हतं, डोळे तर कधीचे वाहत होते. कमलेश तिच्यासाठी पाण्याचा तांब्या धरून उभा होता.

“काय म्हणाली आई?”

तिनं तांब्याबरोबर त्याचा हातही धरला.

“रविवारी मोखाड्याला ये,” ती म्हणाली. “स्वयंपाक आई करेल.”