हाताखालची पोकळी

टक्.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात दुपारची सामसूम होती, आणि कुणी शेजारी बसून बोट मोडावं तसा तो आवाज उमटला. महेश्वरीनं आधी नीलूकडं पाहिलं. पोर उशीला मिठी मारून झोपली होती. केस घामानं कपाळाला चिकटलेले, तोंड अर्धवट उघडं. जागी झाली नव्हती.

आवाज ओळखीचाच होता. थ्रीडी छपाईच्या यंत्राचा पत्रा गार होत आला की त्याला चिकटलेली सोंगटी आपोआप सुटते, त्याचा. महेश्वरी पाय न वाजवता गॅलरीच्या कोपऱ्यात गेली. नीलूचा डोळा लागल्यापासून उघडेपर्यंतचा वेळ तेवढा तिचा. त्यात भांडी घासायची, वाळवण उलटवायचं, आणि मग जे उरेल त्यात माणसं घडवायची. बोटाच्या दोन पेरांएवढी माणसं.

तिचं सॉफ्टवेअर शाळेच्या पोरांसाठी केलेलं, अगदी साधं. गोळा, ठोकळा, नळकांडं, शंकू एकाला एक जोडायचे. गोळ्याचं डोकं, शंकूचा परकर, नळकांड्याचे हात. नको तिथं पोकळ आकार घुसवायचा, म्हणजे तेवढा भाग कापला जातो. एवढ्या भांडवलावर तिनं बांगडीवाली केली होती, फुगेवाला केला होता, पोटसुट्या हवालदार केला होता. पुण्याच्या एका बाईंनी पटावरचा खेळ काढला होता, त्याच्या सोंगट्या महेश्वरीकडं आल्या होत्या. जत्रेत हरवलेली मुलगी शोधायची आणि बापाच्या हाती द्यायची, असा तो खेळ. बाईंच्या डोळ्यांपुढं कुठली जत्रा होती कोण जाणे, महेश्वरीच्या डोळ्यांपुढं सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्राच होती.

हरवलेली मुलगी तिनं नीलूवरून घेतली होती. तसाच फुगीर फ्रॉक, डोक्यावर तशाच दोन शेंड्या, आणि कुणाचं तरी बोट धरायला बाजूला केलेला एक हात.

पत्र्यावरची मुलगी तिनं नखानं उचलली आणि उजेडाकडं धरली. छान आली होती. जरा जास्तच छान.

ही छपाई खालून वर जाते, थरावर थर. हवेत लटकणारा भाग असला, म्हणजे हनुवटी, फ्रॉकचा घेर, पसरलेला हात, तर त्याला खालून आधार लागतो, नाहीतर पातळ प्लॅस्टिक ओघळतं. म्हणून कॉम्प्युटर अशा भागाखाली आपणहून बारीक काड्या उभ्या करतो. छपाई झाली की त्या मोडून टाकायच्या. या मुलीच्या हनुवटीखाली काड्या होत्या. फ्रॉकखाली होत्या. हाताखाली एकही नव्हती. आणि तरी हात ओघळला नव्हता. बोटं कशाभोवती तरी मिटावीत तशी नीट वळली होती.

तिनं स्क्रीनवर जाऊन पाहिलं. तिथंही हाताखालची जागा मोकळी. कोन कमी असेल, असं म्हणून तिनं हात आणखी खाली घेतला, जमिनीला समांतर, सरळ हवेत. असा हात आधाराशिवाय छापला जाणं शक्यच नाही. पुन्हा छापला. संध्याकाळी पत्र्यावर तीच मुलगी उभी होती, हात ताठ, खाली काही नाही.

"तुझा हात बसला म्हण की आता," अमरेश सोंगटी फिरवून बघत म्हणाला. चिंचोळीच्या कारखान्यात तो यंत्रांच्या दुरुस्तीवर होता. बिघाडावर त्याचा विश्वास होता, चमत्कारावर नाही. "पंखा लागत असंल बाजूनं. गार होत असंल चटकन."

"पंख्यानं काड्या गायब होतात व्हय?"

"मग मशीनला विचार. मी आणलं म्हणून काय माझ्या शब्दात हाय का ते?"

ती हसली. यंत्र त्यानंच आणलं होतं, हे खरं. नीलूच्या आधी त्यांना एक झाली होती. महेश्वरी तेव्हा झटके येऊन बेशुद्ध पडली होती, आणि डोळे उघडले तेव्हा अमरेश तिचा हात हातात घेऊन बसला होता. "जन्मतःच गेली गं," तो म्हणाला होता. "रडलीच नाही. एकदासुद्धा नाही." त्या एका वाक्यावर महेश्वरी तगली होती. लेकरानं काही सोसलं नाही. भूक नाही, थंडी नाही, आईची वाट बघणं नाही. पुढं कितीतरी दिवस ती भिंतीकडं तोंड करून निजायची, तेव्हा अमरेशनं हे यंत्र खोक्यासकट जिन्यावरून वर चढवलं होतं आणि म्हणाला होता, हाताला काहीतरी चाळा पाहिजे की तुझ्या. अशा माणसाचा शब्द म्हणजे तिच्या पायाखालची फरशी होती.

तिनं अंकिताला फोन लावला. रविवारच्या वर्गात हे सगळं तिला शिकवणारी कॉलेजातली मुलगी.

"ताई, असं होतच नाही," अंकिता म्हणाली. "फाईल पाठवा बरं."

थोड्या वेळानं तिचाच फोन आला. "माझ्याकडं तर आलेत की सपोर्ट. हाताखाली चांगलं जंगल उभंय. छापून पण बघितली, झकास. तुमचं मशीन लाडावलंय, दुसरं काय!"

म्हणजे फाईल ठीक होती. दुसऱ्या दिवशी महेश्वरीनं तीच फाईल पुन्हा उघडली. हाताखालची जागा मोकळी. मग तिनं हट्टानं कॉम्प्युटरला सांगितलं की लागो न लागो, मुलीच्या चारी बाजूंना काड्या उभ्या कर. सगळीकडं. दाट.

यंत्र दुपारभर कुरकुरत राहिलं. नीलू तिच्या अंगावर रेलून बघत होती. मुलगी काड्यांच्या रानात हळूहळू बुडत गेली, नुसत्या शेंड्या वर राहिल्या. रान सगळीकडं सारखं दाट होतं. फक्त मुलीच्या पसरलेल्या हाताजवळ काड्या बाजूला सरल्या होत्या. काही वाकल्या होत्या, काही मध्येच थांबल्या होत्या. आत एक पोकळी राहिली होती.

"हितं कोण बसलंय?" नीलूनं विचारलं.

"कुणी नाही. जागा राहिलीय नुसती."

नीलूला ते पटलं नाही. ती आपला हिरवा क्ले घेऊन आली आणि त्या पोकळीत बोटानं चेपून चेपून भरू लागली. महेश्वरीनं तिला थांबवलं नाही. कुकर लावायचा होता, कणीक मळायची होती. ती आत गेली. ओट्याशी असताना मागून काड्या मोडल्याचे कटकट आवाज येत राहिले.

ती हात पुसत परत आली तेव्हा नीलूनं काड्यांचं रान मोडून फेकलं होतं. पत्र्यावर हरवलेली मुलगी उभी होती. तिच्या हाताखाली हिरव्या क्लेची दुसरी मुलगी होती.

ती बसलेली होती. पाठ ताठ, मांडी घातलेली, मान किंचित पुढं. उजव्या हाताचं एक बोट उभ्या मुलीच्या मुठीत. डावा तळवा छातीशी उघडा धरलेला, त्यावर काहीतरी ठेवल्यासारखा. क्लेवर काड्यांच्या रेघा उमटल्या होत्या, नाक-डोळे नव्हते. पण उभी राहिली असती तर नीलूवरून घेतलेल्या त्या मुलीपेक्षा डोकंभर उंच भरली असती. दोन-अडीच वर्षांनी मोठी असावी तशी.

महेश्वरीला ती बैठक माहीत होती. अक्कलकोटला तिचे आजोबा गेले तेव्हा तिनं पाहिली होती. त्यांच्यात, लिंगायतांत, माणसाला आडवं निजवत नाहीत. असंच मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर जन्मल्यावर बांधलेलं इष्टलिंग ठेवतात, आणि मग माती देतात.

"आई, ही पण खेळणार," नीलू म्हणाली.

महेश्वरीनं तिला खाली वच्छलाकाकूंकडं खेळायला पाठवलं.

अमरेश पाळीवरून आला. निंगव्वा, त्याची आई, घरातली अव्वा, दाराशी सूप घेऊन चटणीसाठी शेंगा फोडत बसली होती. तो भिंतीला टेकून मोजे काढू लागला.

"पहिलीला कसं ठेवलं होतं?" महेश्वरीनं विचारलं.

"कुठं?"

"मंगळवेढ्याला. शेतात."

"आता कुठं आठवलं तुला हे," तो म्हणाला. थकलेला होता. दुसरा मोजा ओढता ओढता बोलून गेला, "आमच्या आप्पांनीच ठेवलं की. बांधावरच्या लिंबाखाली. एवढ्याशा जिवाला कोण बसवतं, आडवंच ठेवतात, म्हणत होती सगळी. पण आप्पा ऐकतात व्हय कुणाचं? लिंग बांधलेली पोर आहे म्हणाले, मांडी घालूनच..."

तो थांबला.

शेंगा फुटायच्याही थांबल्या.

"श्वासच न घेतलेल्या लेकराला लिंग बांधत नाहीत, अव्वा," महेश्वरी म्हणाली. आपला आवाज इतका साधा कसा, याचं तिलाच नवल वाटलं. "आमच्यात तरी नाहीत बांधत."

निंगव्वानं सूप बाजूला सारलं. "घेत हुती की गं श्वास. लई बारीक. तू दवाखान्यात खाली, आन् तिला वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठिवली हुती. स्वामी तितंच येऊन बांधून गेले. डॉक्टर म्हनले, वाचायची न्हाय. आन् हिकडं तुला झटके. तुला दाखवली असती तर तू सोडली असतीस व्हय तिला? दोगी गेल्या असत्या."

महेश्वरीनं अमरेशकडं पाहिलं. तो हातातल्या मोज्याकडं बघत होता.

"तू मला सांगितलंस," ती म्हणाली, "की रडली नाही."

"महेश्वरी..."

"तेव्हा होती ती?"

त्यानं मान हलवली. हो म्हणून.

"माझा हात धरून सांगत होतास. तेव्हा वर होती?"

"संध्याकाळपर्यंत होती."

"मला दूध येत होतं," महेश्वरी म्हणाली. "अव्वा, तुम्ही आणि माझ्या आईनं मिळून छातीवर पट्टा आवळलात. मी ओरडत होते. आई म्हणाली, सोस, कुणासाठी ठेवायचं ते आता."

निंगव्वा टरफलं गोळा करू लागली. सांडली नव्हती ती सुद्धा.

"म्हणजे आईलाही माहीत होतं."

घरात ती एकटीच नव्या माणसासारखी उभी होती. बाकी सगळे जुने होते, एकमेकांचे होते. इतक्या वर्षांत हे तिघं तिच्या पाठीमागं एकमेकांकडं कितीदा तरी बघत आले असतील. बारशात. नीलूला न्हाऊ घालताना. मंगळवेढ्याच्या शेतात हुरडा खायला गेल्यावर, ती त्याच लिंबाखाली सतरंजी अंथरत होती तेव्हा.

"तिनं माझं बोट धरलं होतं," अमरेश म्हणाला. काहीतरी द्यायला हवं म्हणून जवळ होतं ते काढून द्यावं, तसा. "इवलीशी मूठ. सोडतच नव्हती."

महेश्वरी गॅलरीत गेली.

ती रडली नाही. पत्र्यासमोर बसली. हिरवी मुलगी होती तशीच होती. फक्त क्ले सुकायला हवा होता एव्हाना. तिनं बोट लावून पाहिलं. ओला होता. आणि कोमट.

यंत्र बंद होतं. प्लग भिंतीतून काढलेला होता.

तिनं बोट तसंच ठेवलं. काढावंसं वाटेना.

जिन्यावर छोटी पावलं वाजली. नीलू वच्छलाकाकूंनी दिलेलं बिस्किट चोखत वर आली. बाप भिंतीशी का बसलाय, आजी तोंडावर पदर घेऊन का बसलीय, यातलं तिनं काही पाहिलं नाही. सरळ गॅलरीत आली आणि आईच्या मांडीत शिरली. अंगाला धुळीचा आणि तेलाचा वास.

महेश्वरीनं तिचं डोकं हुंगलं. घट्ट धरलं.

नीलू पुढं वाकली. बसलेल्या मुलीच्या तोंडाशी, जिथं तोंड असायला हवं तिथं, कान नेला. बराच वेळ तशीच राहिली. बिस्किट चोखायची थांबली होती.

मग तिनं मान वर केली.

"आई," ती म्हणाली, "ही विचारतीय, तू खालीच होतीस ना? मग वर का नाही आलीस?"