उरलेलं चार्जिंग

वेंगुर्ल्याच्या बाजारात सुशांत आपल्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानाचं शटर ओढत होता, तेवढ्यात समीक्षा लॅपटॉप छातीशी धरून आत शिरली. मुलगी देखणी, पण डोळे रडून सुजलेले. अशा वेळी कुणाला थट्टा सुचणार?

"बॅटरी किती उरली ता दाखवणारो प्रोग्रॅम उघडत नाय. फाइल नाय म्हणता... नि मगे लॅपटॉप अचानक बंद पडता."

सुशांतने तपासलं. सिस्टमच्या फायली खरंच गायब होत्या. "काय पुसून टाकलंस गो?"

"खंडेनवमीक कोयते, विळे घासलंय... मगे ह्येकाय साफ केलंय. वळखीच्यो नाय त्यो फायली काढून टाकलंय."

"घर झाडताना वासेच काढलंस!" तरी त्याच्या तोंडून गेलंच. ती हसली नाही.

मग तिने सगळं सांगितलं. घरी तिची आई काशीबाई कॅन्सरने अंथरुणाला खिळली होती. भाऊ निकेत दुबईत, त्याला रजा मिळत नव्हती. संध्याकाळी तो लॅपटॉपवर दिसायचा. नेमकं तेव्हाच भारनियमन, आणि बोलता बोलता पडदा काळा व्हायचा. आईला वाटायचं, मुलगा कंटाळला आपल्याला.

सुशांतचा लॅपटॉप त्याच बनावटीचा होता. त्यातल्या फायली त्याने जागच्या जागी घातल्या. प्रोग्रॅम उघडला, आणि बॅटरी किती थकलीय तेही कळलं. नवी मागवावी लागणार होती.

"तोवर मी येतंय सांजेक. आकडो बघूक."

"आकडो माका वाचूक येता."

"म्हायत आसा... तरी येतंय."

तो रोज यायला लागला. आकडा खाली आला की निकेतला आधीच सांगायचा. एका संध्याकाळी काशीबाईला फार धाप लागली होती, वीज नव्हती आणि आकडा लाल झाला.

"निकेत, थोडोच वेळ आसा. काय बोलूचा ता बोल," सुशांत म्हणाला.

निकेत रडायलाच लागला. "आये, माका येवक जमला नाय... माफ कर गो. नीज आता."

"बरा रे झिला. जेवन घे."

पडदा काळा झाला, पण या वेळी काशीबाईला मुलगा कंटाळला असं वाटलं नाही. पहाटे ती गेली.

तेरावं झाल्यावर सुशांत नवी बॅटरी घेऊन आला. समीक्षा ओटीवर एकटीच बसली होती.

"आता ही कोणासाठी? नि तूय आता येवचस नाय..."

"मी आकडो बघूक येय नव्हतंय, समीक्षा. तुका बघूक येय होतंय. तुझ्या आवशीच्या खाटेकडे बसान ता बोलूची लाज वाटली."

तिला हुंदका फुटला.

"आयेन वळखल्यान होता. माका म्हणाली, 'तो आकडो कमी नि तुकाच जास्त बघता. तेका जाव दिव नको.'"

"मगे?"

"मगे काय..." तिने त्याचा हात धरला. "जाव नको."