मतमोजणीच्या दिवशीचा कावळा

आबा काशीदांचा दहावा नेमका मतमोजणीच्या दिवशी आला. माणूस आयुष्यभर सरकार पडायची वाट बघतो आणि निकाल तोंडावर आला असताना जातो, यावर घाटावर जमलेल्या प्रत्येकाचं काही ना काही मत होतं. आबांनी जरा घाई केली, असं बहुतेकांना वाटत होतं.

आबांची एकुलती एक मुलगी केतकी भाताच्या पिंडासमोर हात जोडून उभी होती. समोरच्या लोखंडी दांडीवर कावळा बसला होता. तो खरा नव्हता. गावातले खरे कावळे लागोपाठच्या भयंकर उन्हाळ्यांत संपले होते. सुरुवातीला लोकांनी दर्भाचे कावळे करून पिंडाला लावले, पण गवताच्या कावळ्याला काही हवंय की नको हेच कळेना, त्यामुळे कुणाचं समाधान होईना. मग घाटाच्या ट्रस्टने काकयंत्रं बसवली.

गेलेल्या माणसाचा फोन यंत्राला जोडायचा. फोनमधले निरोप, गप्पा, भांडणं, शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दलची मतं चाळून यंत्र त्या माणसाच्या मनाची नक्कल तयार करी. माहितीपत्रकात तिला ‘मनःप्रत’ म्हटलं होतं. त्या मनाची काय इच्छा राहिली ते यंत्र हुडकून काढी, आणि ती पुरी झाल्याची किंवा होणार असल्याची खात्री पटली की कावळा उतरून पिंडाला चोच लावी. नाही पटली तर बसून राही. जुन्या कावळ्यांना निदान भूक तरी लागायची.

बाहेरच्या बातम्या मात्र यंत्राला मिळत नसत. माणसाला मेल्यानंतरचं आपोआप कळणं शास्त्राला धरून नाही, असा विश्वस्तांचा ठराव होता. जे काय कळवायचं ते नातेवाइकांनी तोंडाने सांगायचं.

केतकीची आई खालच्या पायरीवर बसली होती. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. मधुमेहाची गोळी पदराच्या गाठीत तशीच होती. कावळा शिवल्याशिवाय उठणार नाही, एवढंच तिने सांगितलं होतं, आणि आबांशी संसार केलेल्या बाईला दुसऱ्यांदा विचारायचं नसतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

उन्हं डोक्यावर यायला आणि सरकार पडायला एकच गाठ पडली. पुलावर फटाके वाजले. गुलालाचा ढग घाटावर उतरला आणि सुतकात असलेल्या-नसलेल्या सगळ्यांवर सारखाच बसला.

शेजारच्या ओट्यावर खटावकरांचे बापू होते, म्हणजे त्यांचा पिंड होता. बापू पडलेल्या पक्षाचे तालुक्यातले मोठे कार्यकर्ते. त्यांचाही कावळा अडला होता. बापूंच्या मुलाने पुलावरची मिरवणूक बघितली, डोळे पुसले, दांडीजवळ वाकला आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, “बापू, आपलंच सरकार आलं. मागच्यापेक्षा जास्त जागा आल्या.”

कावळा टुणकन खाली आला. दोन घास जास्तच खाल्ले त्याने. खटावकरांची सून हुंदके देत म्हणाली, की बापू असेच होते, आनंद झाला की जेवण जायचं.

आबांचा कावळा हलला नाही. केतकीने आईला सांभाळायचं वचन दिलं, मोटार दुरुस्त करायचं दिलं, आबांची पुस्तकं रद्दीत न घालायचं दिलं. शेवटी गुरुजींनी यंत्राच्या पडद्यावर बघितलं आणि चष्मा वर सरकवला. इच्छा कळली होती. सरकार पडावं.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. झालंच की मग. मेलेल्या माणसाची इच्छा खुद्द मतदारांनी पुरी केल्याचं उदाहरण घाटावर पहिलंच होतं.

“आबा,” केतकी म्हणाली, “सरकार पडलं.”

कावळ्याने मान दुसरीकडे वळवली. टीव्हीवर सरकारी प्रवक्ता बोलायला लागला की आबा वळवायचे, तशीच.

गुरुजी म्हणाले, विश्वास ठेवलेला नाही. तिने आकडे सांगितले, पडलेल्या मंत्र्यांची नावं वाचून दाखवली, आपला फोन दांडीजवळ धरून बातम्यांतला फटाक्यांचा आवाज ऐकवला. कावळा ढिम्म.

तेव्हा बाळूकाका पुढे आले. आबांचे धाकटे भाऊ. ते पडलेल्या सरकारचे कट्टर समर्थक. दोघे भाऊ रोज संध्याकाळी भांडायचे आणि त्यासाठी एकमेकांच्या घरी चालत जायचे. आज काकांचे डोळे लाल होते. ती लाली भावासाठी किती आणि सरकारसाठी किती, हे विचारायची सोय नव्हती. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

“दादा, पडलं आमचं. मी सांगतोय म्हणजे पडलंच. तू म्हणत होतास ते बरोबर होतं.”

हे वाक्य आबा जिवंत असताना कुणी ऐकवलं असतं तर ते कदाचित गेलेच नसते. कावळ्याने काकांकडे बराच वेळ बघितलं. मग डोळे मिटून घेतले. बाळूने सांगितलेलं काहीही आबा खरं मानत नसत.

आईची मान एका बाजूला कलली. केतकीने तिला धरलं, तोंडावर पाणी मारलं. गोळी घे म्हटलं तर तिने ओठ मिटून घेतले. कावळा बटण दाबून हाताने उतरवता येतो, असं गुरुजी हळूच बोलले. पण बटण दांडीलाच होतं आणि आईची नजर दांडीवरून हलत नव्हती.

आबांचा फोन अजून यंत्राला जोडलेला होता. केतकीला आठवलं, दर मतमोजणीला आबा दुपारी निरोप पाठवायचे: ‘केतू, पडलं गं. या वेळी पडलंच बघ.’ ती कॉलेजात होती तेव्हा पाठवायचे, परगावी नोकरीला लागली तेव्हाही. आणि संध्याकाळी दुसरा निरोप यायचा: ‘नाही पडलं. पुढच्या वेळी.’ तो पाठवला की ते ताट वाढायला सांगायचे आणि नीट जेवायचे. आई म्हणायची, हरल्यावरच यांना भूक लागते.

फोनमधून यंत्राने हे सगळं वाचलं-ऐकलं होतं आणि त्यातून चोख धडा घेतला होता. सरकार पडल्याची बातमी संध्याकाळी खोटी ठरते.

बापूंच्या मुलाने बापाला जिंकवून पाठवलं होतं. केतकीला मात्र उलटं करायचं होतं. माणूस ज्या एका दिवसासाठी जगला, तो दिवस गुलालासकट दारात उभा असताना त्याला सांगायचं, की आला नाही. तिने आईकडे बघितलं. आईचे ओठ पांढरे पडले होते.

ती दांडीजवळ वाकली.

“आबा, नाही पडलं. पुढच्या वेळी.”

कावळ्याने डोळे उघडले. सावकाश खाली उतरला, पिंडाजवळ बसला आणि नीट जेवला.

“शिवला?” आईने विचारलं.

“शिवला.”

पुलावरच्या ढोलांत आईला केतकीचे शब्द ऐकू आले नव्हते. तिने हात जोडले, गोळी घेतली, पाणी प्यायली. कुणीतरी मिरवणुकीतला पेढा आणून दिला, त्यातला चिमूटभर तोंडात घातला. तेवढ्यासाठीच अडकले होते, आता डोळे भरून बघून गेले, असं ती येईल त्याला सांगू लागली. बाळूकाका टोपी हातातच धरून होते. ते केतकीच्या कानाशी येऊन म्हणाले, “मी त्याला खरं सांगितलं होतं गं. पहिल्यांदाच.”

“माहितेय, काका.”

गुरुजींनी फोन सोडवून तिच्या हातात दिला. आता मनःप्रतीचं काय होतं, असं तिने विचारलं. ती ट्रस्टच्या यंत्रात राहते, वर्षश्राद्धाला पुन्हा लागते, गुरुजी म्हणाले.

“तोवर बंद असते ना?”

“बंद केली तर विसरायला लागते,” गुरुजी सामान आवरता आवरता म्हणाले. “चालूच ठेवतो आम्ही.”

घाट रिकामा होत आला. एकाच घाटावरून बापू एका देशात गेले होते आणि आबा दुसऱ्यात. आणि गंमत अशी, की दोन्ही देशांत जुनंच सरकार होतं. बापू तिथे खुशीत असतील. पण आबा आता पुढच्या निवडणुकीची वाट बघत जागे बसले असतील, आणि वर्षाने केतकी समोर उभी राहिल्यावर पहिला प्रश्न निकालाचाच असेल. तेव्हा त्यांना काय सांगायचं?