भित्री साळुंकी

साळुंकी नावाची गाडी घेतल्यापासून विश्वजित शेडगे ती सोसायटीच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीपाशी लावायचा. पुढे जागा नसायची असं नाही. पण पुढे शेजाऱ्यांच्या उंच, धिप्पाड गाड्या उभ्या असायच्या आणि त्यांच्या रांगेत आपली बुटकी, राखाडी गाडी लावायची त्याला लाज वाटायची.

गाडी खरं तर वाईट नव्हती. चारही चाकांना स्वतंत्र मोटर होती. टायरच्या रबरात जमीन चाचपणारे बारीक तंतू होते, त्यामुळे कुठलं चाक चिखलात आहे आणि कुठलं खडकावर, हे चालवणाऱ्याच्या आधी गाडीला कळायचं. पण बाजारात तिचं नाव ‘भित्री साळुंकी’ पडलं ते पडलंच, आणि त्याला कारण होता तिच्यातला भयमापक.

घाटमाथ्यांवर हौसेने गाड्या घालणारी कुटुंबं दरीत जायला लागली, तेव्हा कुणीतरी हे यंत्र शोधून काढलं होतं. सीटमध्ये आणि पट्ट्यात बसवलेला भयमापक प्रत्येकाचे ठोके, श्वास आणि अंगाचा घाम मोजायचा. डांबरी रस्त्यावर तो बंद असायचा, कारण भर रहदारीत कुणाला भीती वाटली म्हणून गाडी थांबवता येत नाही. डांबर संपलं की तो आपोआप चालू व्हायचा आणि स्टिअरिंगच्या मागे एक लहान दिवा लागायचा. दिवा हिरवा असेपर्यंत साळुंकी कुठेही जायची. आतलं एक जरी माणूस मनापासून घाबरलं, तर दिवा पिवळा व्हायचा आणि ती जागच्या जागी उभी राहायची. कोण घाबरलंय ते सांगायची नाही. ती ज्याची त्याची खासगी बाब. गाड्यांची परीक्षणं करणारे लोक मागे कॅमेरावाले बसवून डोंगरात गेले, कॅमेरावाल्यांची पाचावर धारण बसली, साळुंकी थांबली आणि खडबडीत रस्त्याचे सगळे मार्क गेले.

पल्लवीने, म्हणजे विश्वजितच्या बायकोने, तरीही हीच गाडी घ्यायचा हट्ट धरला होता. शोरूममध्ये तिने एकच प्रश्न विचारला होता, “भीती कशाची वाटतेय, हेही कळतं का हिला?”

“नाही मॅडम,” विक्रेता म्हणाला होता. “भीती आहे एवढंच कळतं. कशाची, ते नाही कळत.”

“चालेल,” पल्लवी म्हणाली होती. विश्वजितला तेव्हा तिच्या भाबडेपणाचं हसू आलं होतं.

शेडग्यांकडे नवी गाडी खडकाईच्या दारात नेल्याशिवाय तिला आपली म्हणत नाहीत. खडकाई ही त्यांची कुलदेवी. पाटणच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर तिचं देऊळ आहे. गाडी घरातल्या कर्त्या माणसाने स्वतः चालवायची, घरची सगळी माणसं आत हवीत आणि नारळ सगळ्यांत लहान माणसाच्या मांडीवर, अशी रीत. शेवटचा चढ कच्चा. जांभ्याचे सुटे धोंडे आणि मधोमध एका झऱ्याने केलेला चिखलाचा राडा. दर मार्गशीर्षात सगळी भावकी त्या चढाच्या पायथ्याशी जमते आणि कुणाची गाडी कशी चढते हे बघायला देवीच्या दर्शनापेक्षा जास्त गर्दी होते, हे कुणी उघड बोलत नाही इतकंच.

त्या रविवारी कराडहून निघताना नऊ वर्षांची रेवा नारळ घरीच विसरली. गाडी फाटकातून परत वळवावी लागली. विश्वजित ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचा आणि त्याच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची, याचा त्याला अभिमान होता. घरातही तसंच. तो हात कधी उगारायचा नाही. फक्त बोलायचा, चढ्या आवाजात, आणि एकदा सुरू झाला की थांबायचा नाही. “एक काम सांगितलं होतं तुला. एक! डोकं असतं कुठे तुझं?” हे कराडपासून पाटणपर्यंत चालू होतं. मागच्या सीटवर रेवा नारळाच्या शेंडीचा एकेक धागा सोलत बसली होती. शेजारी बसलेले आप्पा, विश्वजितचे वडील, खिडकीबाहेर बघत होते. पल्लवी मधूनच हवेचा, नाहीतर उसाच्या ट्रॅक्टरचा विषय काढायची आणि तो विरून जायचा.

चढाच्या पायथ्याशी चुलतभाऊ संग्राम त्याच्या ‘गवा’ गाडीला टेकून उभाच होता. गव्याची चाकं साळुंकीच्या खिडकीइतकी उंच होती.

“काय रं विश्वा, ही गाडी हाय का दप्तर?” तो ओरडला. माणसं हसली.

“बघच तू दादा,” विश्वजित म्हणाला. कानशिलं तापली होती. भावकीने चाकांखाली ठेवलेली लिंबं चिरडली गेली, डांबर संपलं आणि समोरचा दिवा लागला. लागला तोच पिवळा.

साळुंकी थांबली. “गाडीतल्या कुणाला तरी भीती वाटते आहे,” ती नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाली. “मी थोडं थांबते.”

बाहेर हशा पिकला. कुणीतरी शिट्टी मारली. विश्वजितने स्टिअरिंगवर थाप मारली तशी मागे नारळ रेवाच्या मांडीवरून घरंगळला.

“नारळ धर नीट! तेवढं तरी जमेल का?”

दिवा पिवळाच. विश्वजितने मग त्याला येणारी गोष्ट केली, गणित मांडलं. चार माणसं, त्यातलं एक घाबरलेलं. एकेक वजा करत गेलं की उत्तर मिळणार. सगळ्यांनी मिळून जायची रीत मोडत होती, पण आता रीतीपेक्षा भावकीसमोर गाडी हलणं महत्त्वाचं होतं.

“आप्पा, तुम्ही उतरा.”

“मला कसली भीती? ह्या चढावर मी जीप घालत हुतो.”

“उतरा म्हणतोय ना!”

आप्पा काठी टेकत उतरले. दिवा पिवळा.

“पल्लवी, तू.”

पल्लवीने मागे वळून रेवाकडे पाहिलं. “अहो, मी आत असलेली बरी.”

“सगळ्यांसमोर वाद नको घालूस.”

ती उतरली. दिवा पिवळाच राहिला, वर बारीक लुकलुकायला लागला. आता गाडीत दोघंच होती.

“म्हणजे तू घाबरतेस,” विश्वजित मागे वळून म्हणाला. “एवढ्याशा चढाला?”

“नाही पप्पा.”

“खरं सांग!”

“खरंच नाही. आईबरोबर नदीत गेलो होतो तेव्हा यापेक्षा मोठे दगड होते. गेली होती गाडी.” एवढं बोलून तिने तोंडावर हात घेतला, बोलायचं नव्हतं ते बोलल्यासारखा.

“कधी गेला होतात नदीत? मला न विचारता?”

“भीती वाढली आहे,” साळुंकी म्हणाली. “मी ब्रेक लावते आहे.”

बाहेरून संग्राम टाळ्या पिटत पुढे आला. “अरं, पोर कशाला घाबरंल? तूच घाबरलायस! उतर खाली, वहिनीला बसू दे.”

सगळी भावकी हसत होती. विश्वजित दार आपटून उतरला, तो हे सिद्ध करायला की आपण घाबरलेलो नाही, आपण नसलो तरी हा डबा हलणार नाही. पल्लवी निमूटपणे आत बसली. तिने पट्टा लावला, रेवाला काहीतरी विचारलं, रेवाने मान हलवली. थोड्या वेळाने दिवा हिरवा झाला.

आणि साळुंकी निघाली. पहिल्या धोंड्यावर पुढचं डावं चाक अलगद वर गेलं, मागची दोन जागेवर घट्ट राहिली. राड्यात उजवी बाजू खचली तर डाव्या चाकांनी तिला ओढून घेतलं. पोटाखाली वीतभर जागा असलेली ती गाडी, संग्रामचा गवा जिथे मागच्या वर्षी अर्धा तास अडकला होता त्या वळणावरून न घसरता, न गुरगुरता वर गेली. खालची माणसं हसायची थांबली होती.

“आयला,” संग्राम म्हणाला. “चांगली हाय की गाडी.” मग त्याने विश्वजितच्या पाठीवर थाप मारली. “तूच भित्रा!”

त्याने गव्यात बसायचा आग्रह केला, पण विश्वजित चालत वर गेला. आप्पाही त्याच्याबरोबर काठी टेकत निघाले. 

देवळात रेवाने नारळ दिला, गाडीला हार घातला गेला. मंडळी प्रसादाला बसली तेव्हा विश्वजितने गाडीची चावी घेतली. “सावलीत लावतो,” म्हणाला, आणि एकटाच साळुंकी घेऊन देवळामागच्या कातळावर गेला. तिथे वाट अशी नव्हतीच. भेगा होत्या, खड्डे होते आणि एका बाजूला सरळ कडा. त्याने गाडी मुद्दाम कड्याच्या अंगाने घातली. डोळे रस्त्यावर नव्हते, दिव्यावर होते.

दिवा हिरवा होता. सगळ्या वाटेवर हिरवा.

त्याने गाडी थांबवली. आपण घाबरलो नव्हतो, हे आता पक्कं झालं होतं. यासाठीच तर तो आला होता. मग रेवा? आईबरोबर असताना हिरवा. नदीतही हिरवा. तो एकटा असताना हिरवा. दोघं मिळून बसली की पिवळा. वर्गातल्या सगळ्यांत कच्च्या मुलालाही सुटलं असतं असं गणित होतं आणि त्याचं उत्तर समोर येऊन बसलं होतं. ते उत्तर म्हणजे चढ नव्हता, धोंडे नव्हते, राडा नव्हता.

 शोरूममधला पल्लवीचा प्रश्न त्याला आठवला, आणि तिचं ते ‘चालेल’. तिला तेव्हाच ठाऊक होतं. त्याची शरमेने मान वर होईना. समोर माणूस नव्हतं, नुसता कातळ होता, तरी होईना. भावकीसमोर वाटलेली लाज ह्याच्यापुढे काहीच नव्हती. ती दुसऱ्यांनी पाहिल्याची होती. ही मुलीने रोज पाहिल्याची होती. संध्याकाळी त्याची चावी दारात फिरली की घरातला टीव्ही बंद व्हायचा, रेवा वही उघडून बसायची, आणि ह्याला तो शिस्त म्हणत आला होता.

आप्पा मागून चालत आले आणि खिडकीशी थांबले. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग मुलाकडे.

“एकट्यालाबी हिरवाच?” त्यांनी विचारलं.

विश्वजितने मान हलवली.

आप्पा बराच वेळ काठीच्या टोकाने कातळ उकरत राहिले. “तू मागं बसायचास जीपमधी,” ते म्हणाले. “तोंडातनं शब्द काढायचा न्हाईस. मी सगळ्यांना सांगायचो, पोरगं लई गुणी हाय म्हणून.” मग आवाज उतरला. “आमच्या जीपला असला दिवा नव्हता बाबा.”

 

खाली उतरायच्या वेळी सगळी पुन्हा गाड्यांपाशी जमली. “काय भित्रोबा,” संग्राम म्हणाला, “उतारावर तरी बसणार का चालत येणार?”

एरवी तो चिडला असता. “हो दादा, मीच घाबरलो होतो,” विश्वजित म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. माणसं हसली. पल्लवीने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

पल्लवी स्टिअरिंगवर बसली, आप्पा तिच्या शेजारी. मागे रेवा एकटी होती. विश्वजितने मागचं दार उघडलं, पण आत पाय टाकला नाही.

“रेवा, मी बसू का इथे?”

हा प्रश्न तिला नवीन होता. तिने आरशात आईकडे पाहिलं, मग सरकून जागा केली. तो बसला, पट्टा लावला. समोरचा दिवा पिवळा झाला.

 साळुंकी म्हणाली, “मी थोडं थांबते.”

रेवाने घाईने त्याच्या हाताला हात लावला, आपलीच चूक असल्यासारखा. “पप्पा, तुम्ही रागावू नका,” ती हळूच म्हणाली. “थोडा वेळ बोलू नका फक्त. मग होईल हिरवा.”

तो बोलला नाही. खिडकीबाहेर बघत राहिला, कारण डोळे भरून आले होते आणि ते तिला दिसले तर तिला त्याचीही भीती वाटेल, असं त्याला वाटलं. मागून संग्रामने हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. पल्लवीने वाट बघितली. बऱ्याच वेळाने दिवा पिवळ्याचा हिरवा झाला आणि साळुंकी उताराला लागली.

ती सुरेख उतरली. राड्यातून, धोंड्यांवरून, चारही चाकं जमीन चाचपत. गाडी खडबडीत वाटेवर कशी आहे, हा वाद शेडग्यांच्या भावकीत त्या दिवशी मिटला. आत विश्वजित श्वासही बेताने घेत होता. मधे एका हिसक्याला दिवा लुकलुकला. मग पुन्हा हिरवा.

पायथ्याशी डांबर लागलं. चाकांचा आवाज गुळगुळीत झाला आणि दिवा नेहमीप्रमाणे आपोआप विझला.

विश्वजित विझलेल्या दिव्याकडे बघत राहिला. इथून घरापर्यंत डांबरच होतं. आणि घरात तर असा दिवा कुठेच नव्हता. स्वयंपाकघरात नव्हता, अभ्यासाच्या टेबलावर नव्हता, दाराशी नव्हता. तिथे हिला भीती वाटली तर थांबायला कोण सांगणार होतं?

त्याने रेवाकडे वळून पाहिलं. तिची बोटं मांडीवर नसलेल्या नारळाची शेंडी सोलत होती.

“रेवा,” त्याने शक्य तितक्या हळू विचारलं, “आत्ता दिवा चालू असता, तर कुठला असता गं?”