दोन पट्टे

माझ्या थोरल्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, त्या वर्षीची ही गोष्ट. ती शाळेत शिकवायची. पन्नाशीत मला अक्षरंही तिनेच शिकवली. धाकटी प्रयोगशाळेत संशोधक होती. तिथल्याच वर्कशॉपमध्ये मी लेथवर आयुष्य काढलेलं. घरी करमेना म्हणून थोरली शाळा सुटल्यावर धाकटीच्या खोलीत जाऊन बसायची. मी डबा पोचवायचो.

खोलीत पंख्यांची घरघर आणि तापलेल्या वायरींचा वास. पडद्यावर दोन उभे पट्टे चढत असायचे. जमिनीखालच्या यंत्रात मेसॉन नावाचा कण फुटतो. त्यातून कधी इलेक्ट्रॉन निघतो, कधी म्युऑन; एक पट्टा याची मोजणी, दुसरा त्याची. सोबत एक न दिसणारा कण निसटतो. ऊर्जेच्या बेरजेत काय कमी पडलं, त्यावरूनच तो कळतो.

"म्युऑन ही इलेक्ट्रॉनची थोरली बहीण समजा," धाकटी म्हणाली. "वजनाने भारी, आयुष्याने कमी. वजनाचा फरक सोडला, तर निसर्ग दोघींना सारखंच वागवतो का, ते तपासतोय."

"त्यापेक्षा बाबांना तपास," थोरली म्हणाली. "लाडकी कोण, लगेच कळेल."

मी डब्याचं झाकण लावत राहिलो. खोटं नव्हतं ते.

दोन्ही पट्टे जवळजवळ बरोबरीने चढायचे. मग थोरली खुर्चीत बसली, की म्युऑनचा पट्टा रेंगाळू लागला. धाकटीने तारा बदलल्या, मोजणी पुन्हा लावली. थोरलीला चहा आणायला पाठवलं. पट्टा चढला. ती कप घेऊन आली, पट्टा अडला.

"ताई, माझे म्युऑन खातेस की काय गं?"

"जड ते नेहमी माझ्याच वाट्याला. नवं काय त्यात?"

थोरली हसली. धाकटी नाही. न दिसणारा कण जेवढं न्यायला हवं, त्याहून जास्त नेत होता.

दाराशी तिने माझी बाही धरली. "बाबा, ताईला डॉक्टरकडे न्या."

"काय सांगू त्यांना?"

"माहीत नाही. न्या."

नेलं. काही सापडलं नाही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी तो पट्टा थांबलाच. थोरली तेव्हा तिथे नव्हती. धाकटी पडद्याकडे बघत असतानाच शाळेतून फोन आला. फळ्यासमोर कोसळली होती, हातात खडू.

नंतर पट्टे पुन्हा बरोबरीने चढले. धाकटीने त्या दिवसांतल्या नोंदी यंत्राचा दोष म्हणून वगळल्या. शोधनिबंध छापून आला. शेवटचं वाक्य तिने मला मराठीत लिहून दिलं, मी बोट ठेवून वाचलं: दोघींत भेद आढळला नाही.

यंदा मी डबा घेऊन गेलो, तर धाकटी एकटीच बसलेली. म्युऑनचा पट्टा चढत होता.

इलेक्ट्रॉनचा नाही.

"ऊठ," मी म्हणालो. "बाहेर चल आधी."

"उठून बघितलं, बाबा."

"मग?"

तिने डबा जवळ ओढला.

"उठले, तरी चढत नाही आता."

डॉक्टरांना काही सापडलं नाही.

थोरली त्या वर्षी फेब्रुवारीत गेली. धाकटी यंदा मार्चमध्ये.